वाचकांचे प्रश्न: कोळशाचं इंजिन अजून चालू बघायला कुठं मिळेल?

मागच्या अंकात मी कुळ्याच्या घाटाबद्दल, म्हणजे गोव्यातून दूधसागरवरून कर्नाटकात चढणाऱ्या रेल्वेच्या घाटाबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या, लहानपणी कोळशाच्या गाडीने लोंढ्याला आत्याकडे जायचो त्याबद्दल, आणि त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बागेचे आणि बँकेचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, थोडं सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई नमस्कार. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या मुलांनी वाफेचं इंजिन फक्त चित्रात आणि कार्टूनमध्ये पाहिलंय. एका दिवसात जाऊन येता येईल असं जुनं स्टेशन किंवा म्युझियम जवळपास आहे का जिथे खरं इंजिन दिसेल? पालक फार पैसे देऊ शकणार नाहीत. (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर: टीचर, आधी खरं ते सांगून टाकते, गोव्यात आज वाफेवर चालणारं इंजिन नाही. पण हुबळीला रेल म्युझियम आहे, २०२० साली सुरू झालेलं, स्टेशनपासून जवळच, तिथे नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांवरची, जुनी इंजिनं उभी करून ठेवलीत, जुने डबे आहेत, आणि मलप्रभा घटप्रभा नावाच्या दोन जुन्या कॉटेज आहेत त्यांच्यात रेल्वेच्या वस्तू मांडल्यात. इंजिनं थंड आहेत, चालत नाहीत, पण प्राथमिकच्या मुलांना हात लावण्याएवढ्या जवळून बघायला मिळतात हेही कमी नाही. आणि हुबळी म्हणजे आपल्या गोव्याच्या लाइनचं माहेरच म्हणा ना, तिथलं रेल्वे वर्कशॉप १८८५ पासूनचं आहे.

माझं एकच सांगणं, बसने अनमोड घाटातून जाऊ नका, ट्रेननेच जा. वास्कोहून हावड्याला जाणारी अमरावती एक्सप्रेस मडगाव, कुळे, कॅसलरॉक, लोंढा करत हुबळीला जाते, ती रोज नसते म्हणून वार आणि परतीची गाडी दोन्ही आधी बघून घ्या, एका दिवसात जमत नसेल तर येताना बस करा पण जाताना ट्रेनच. कारण अर्धा धडा म्युझियममध्ये नाही, घाटात आहे. कुळ्याला गाडी थांबली की मुलांना सांगा आता मागे आणखी इंजिनं लागणार, लक्ष ठेवा. कुळे ते कॅसलरॉक २६ किलोमीटरचा घाट, चढ १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. आपल्याला वाटतं एवढंच? पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ती जागा एखाद्या नाण्याएवढी असते, तेवढ्या टेकूवर सगळी गाडी वर ओढायची, त्यात आपला पाऊस, रूळ ओले, चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागतं. म्हणून मागून ढकलायला इंजिन लागतं, आणि कोळशाच्या काळात चाकाखाली कोरडी वाळू सोडायचे. हे शाळेतच करून दाखवा, व्हरांड्यात ३७ फूट सुतळी ताणा, एक टोक जमिनीवर आणि दुसरं एक फूट वर, मुलं बघतील आणि म्हणतील हे तर सपाटच आहे, मग त्यांना घाटात खिडकीतून बघू द्या.

म्युझियममध्ये इंजिन पुढून बघायला सुरुवात करू नका, सगळे तिथेच उभं राहून फोटो काढतात. मागून सुरू करा, जिथे ड्रायव्हर आणि फायरमन उभे राहायचे तिथून. आधी भट्टीचं दार, मग त्याच्यापुढे तो लांब बॉयलर, त्यात नळ्याच नळ्या, नळ्यांमधून आगीचा धूर जातो आणि बाहेरून पाणी तापतं. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण सोळाशे-सतराशे पट जागा लागते, ती जागा तिला मिळू दिली नाही म्हणून ती पिस्टन ढकलते, पिस्टन दांड्याला, दांडा चाकाला. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट शेवटी, काम झालेली वाफ धुराड्यातून जोरात वर सोडतात, ती जाताना भट्टीतला धूर ओढून नेते त्यामुळे विस्तवाला हवा मिळते, म्हणजे इंजिन जितका जोर लावेल तितकी त्याची भट्टी आपोआप जास्त पेटते. आपण जे छुक छुक म्हणतो ना ते हेच, काम झालेल्या वाफेचा हुंकार. चाकाचा एक फेरा झाला की चार हुंकार. मुलांना टाळ्या वाजवून मोजायला लावा, आधी हळू, मग जलद, मला खात्री आहे वर्ग डोक्यावर घेतील.

आणि एक मीटर टेप न्या. नॅरोगेजचे रूळ त्यांना मोजू द्या, मग घरी येऊन शाळेच्या अंगणात खडूने तीन जोड्या रेघा मारा, ७६२ मिलिमीटर नॅरोगेज, १००० मीटरगेज, १६७६ ब्रॉडगेज. मधली जोडी आपल्या गोव्याच्या जुन्या लाइनची, तीवर पाय ठेवून उभं राहायला सांगा. सोमवारी म्युझियमं बहुतेक बंद असतात, आधी फोन करून वेळ आणि शाळेसाठीचं तिकीट विचारा, आणि डबे घरचेच न्या.

प्रश्न: दार्जिलिंगला वाफेची गाडी चालते, उटीला चालते, मग आपल्या दूधसागरच्या घाटात टुरिस्टांसाठी जुनं इंजिन का नाही चालवत? एवढा सुंदर घाट फुकट घालवलाय. (एक वाचक, पेडणे)

उत्तर: दादा तुमची तळमळ माझीच आहे, पण यात अडचण नुसत्या इच्छेची नाही, रुळांची आहे. थोडं मागे जाऊन सांगते.

आपली लाइन इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यातल्या १८७८च्या करारातून आली. मुरगावला बंदर करायचं आणि तिथून घाट चढून इंग्रजांच्या मुलखाला जोडायचं असा बेत. १८८७ साली मुरगाव ते सावर्डे गाडी सुरू झाली, १८८८ ला घाट चढून कॅसलरॉकला पोचली. घाटाला नाव दिलं ब्रागांझा, पोर्तुगालच्या राजघराण्याचं. पुढे १९०२ पासून ही लाइन चालवायला घेतली सदर्न मराठा रेल्वेने, म्हणजे बघा पोर्तुगिजांच्या राज्यात गाडी चालवणाऱ्या कंपनीच्या नावात मराठा. कुळ्याला पोर्तुगिजांचा कस्टम, कॅसलरॉकला इंग्रजांचा, आमचे आजोबा सांगायचे दोन्हीकडे ट्रंका उघडून दाखवाव्या लागायच्या, आणि लग्नाला निघालेल्या माणसांचे तर हाल, शालू शेले सगळे फलाटावर उलगडायचे. १९५५ ला गोव्याची नाकेबंदी झाली आणि सीमेपलीकडे गाडी जायची बंद पडली ती गोवा मुक्त होईपर्यंत, १९६१ च्या डिसेंबरपर्यंत.

हे सगळं मीटरगेज होतं. नंतर डिझेलची इंजिनं आली, आणि १९९० च्या दशकात सगळी लाइन ब्रॉडगेज केली. म्हणजे त्या इंजिनांसाठी लागणारे रूळच उरले नाहीत. ब्रॉडगेजचं वाफेचं इंजिन आणून चालवायचं म्हटलं तर अजून चार गोष्टी लागतात, बॉयलर तपासून दिलेलं सर्टिफिकेट, दर काही किलोमीटरवर पाणी भरायची सोय, इंजिन रात्रभर तापवून सकाळी तयार ठेवणारी माणसं, आणि त्या घाटात मालगाड्या आणि एक्सप्रेस यांच्या मधे मोकळा वेळ. यातली माणसं हीच सगळ्यात दुर्मिळ. बॉयलर पैशाने दुरुस्त होतो, हातात कसब असलेला फायरमन पैशाने एका दिवसात तयार होत नाही. देशात वाफेच्या मोठ्या इंजिनांचं बांधकाम १९७०-७२ लाच संपलं, १९९५ ला ब्रॉडगेजवरची रोजची वाफेची गाडी संपली, तेव्हा जो विशीत होता तो आता पन्नाशीत आहे.

हल्ली एक नवीन निघालंय, आत बिजलीचं किंवा डिझेलचं इंजिन आणि बाहेरून वाफेच्या इंजिनासारखं रूप. एकतानगर ते अहमदाबाद अशी गाडी २०२३ ला सुरू झाली. त्यात बसायला काही हरकत नाही, डबे छान आहेत म्हणतात, पण मुलांना नेलंत तर स्पष्ट सांगा की हे वाफेचं इंजिन नाही. घाटात तसं काही आणलं तर मला आनंद होणार नाही, त्यापेक्षा जुन्या स्टेशनांवर जे काही जुनं उरलं असेल ना, पाण्याचा खांब, दगडी इमारत, लोखंडी बाक, जुना वजनकाटा, ते भंगारात जाऊ नये म्हणून तुमच्यासारख्यांनी पंचायतीतून, आमदारांकडून, जिथून जमेल तिथून मागे लागावं. एक रंगवलेलं मीटरगेज इंजिन कुळ्याला रुळाच्या तुकड्यावर उभं असायला हवं असं माझं मनापासून म्हणणं आहे, ज्या घाटासाठी ते घामेजलं त्याच घाटाच्या पायथ्याशी.

प्रश्न: आम्ही पाच मित्र. दूधसागरच्या पुलावर उतरून रुळावरून चालत जुने बोगदे बघायचे आणि रील करायचंय. कुठल्या गाडीने उतरणं सोपं? (एक विद्यार्थी, वास्को)

उत्तर: बाबांनो, नाही. रुळावरून दूधसागरला जायला बंदी आहे, २०२३ च्या पावसाळ्यात तसे गेलेल्या पोरांना रुळावरच उठाबशा काढायला लावल्या होत्या ते तुम्ही पाहिलं असेल, पण मी बंदीपेक्षा वेगळ्या कारणाने नाही म्हणते. पावसात धबधब्याचा आवाज एवढा असतो की घाट उतरणारी गाडी मागून आलेली ऐकू येत नाही, बोगद्यात दोन्ही बाजूंना अंग चोरायला जागा नसते, आणि उतारावरची मालगाडी ड्रायव्हरने मनात आणलं तरी तुमच्यासाठी थांबू शकत नाही. पावसाळा संपल्यावर कुळ्याहून जीप सुरू होतात, अभयारण्याची परवानगी घेऊन त्या धबधब्याच्या पायथ्याशी नेतात, तिथून वर बघा, पुलावरून गाडी जाताना जे दिसतं ते पुलावर उभं राहून दिसतच नाही. रील तिथून करा.

प्रश्न: लग्नाचा २५वा वाढदिवस आहे, मिस्टरांना जुन्या रेल्वेचं वेड. त्यांना सरप्राइज म्हणून वाफेच्या गाडीत बसवायचंय. दार्जिलिंग, उटी, दिल्ली यातलं कुठलं? दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार आहे. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: ताई, दिवाळीत उटी नको, हे पहिलं. आपल्याकडे पाऊस संपून हवा कोरडी होते म्हणून आपल्याला वाटतं सगळीकडे तसंच, पण निलगिरीला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडचा पाऊस असतो आणि दरडी कोसळून ती गाडी दिवसच्या दिवस बंद राहते. तिथे फेब्रुवारी-मार्चला जा.

दिवाळीला दार्जिलिंग उत्तम, आकाश स्वच्छ असतं, नशीब असेल तर कांचनजंगा पण दिसतं. १८८१ ची लाइन, दोन फुटी रूळ, १९९९ ला युनेस्कोच्या यादीत गेली. पूर्ण प्रवास करायची गरज नाही, दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी जॉयराइड आहे, मधे बतासिया लूपला, म्हणजे रूळ गोल वळसा घेतात तिथे, थांबते. घूम २२५८ मीटरवर आहे, गरम कपडे न्या. बुकिंग करताना डोळ्यात तेल घालून बघा, डिझेलची वेगळी आणि स्टीमची वेगळी, दर पण वेगळे, घाईत डिझेलचं तिकीट काढून वर गेलेली माणसं मला माहितीयत. आणि त्यांना सांगा की इंजिनाच्या अगदी पुढे दोन माणसं बसलेली असतील त्यांच्याकडे बघा. चढावर चाक घसरायला लागलं की ती हाताने मूठ मूठ वाळू रुळावर टाकतात. शंभर वर्षांपूर्वी जसं, तसंच. ते बघताना माझ्या घशात आवंढा आला होता, कारण वाळूच्या गोष्टी मी कुळ्याला फक्त ऐकल्या होत्या, तिथे डोळ्यांनी पाहिल्या.

दिल्लीला कामाने जाणार असाल तर चाणक्यपुरीचं नॅशनल रेल म्युझियम आहे, १९७७ चं, सोमवारी बंद. आणि वेड खरंच मोठं असेल तर दिल्लीपासून साधारण ८० किलोमीटरवर रेवाडी, तिथला वाफेच्या इंजिनांचा शेड १८९३ चा आहे. १८५५ साली इंग्लंडमध्ये बनलेली फेअरी क्वीन तिथली, अकबर नावाचं इंजिन तिथलं, १९४७ चं अमेरिकेत बनलेलं आझाद तिथलं, ही शेवटची दोन्ही ब्रॉडगेजची मोठी, नाक गोल आणि नाकावर चांदणी असलेली. पण रेवाडीला जायच्या आधी विचारून घ्या की त्या दिवशी एखादं इंजिन तापवणार आहेत का.

हे विचारून घ्या मी सारखं का म्हणते, तर मी स्वतः एकदा दोन दिवसांचा प्रवास करून एका ठिकाणी गेले होते, नाव नाही सांगत, वेबसाइटवर लिहिलेलं की इंजिन अमुक वारी चालतं, आणि तिथे गेले तर बॉयलर दुरुस्तीला गेलेला, सहा महिने झालेले. दारावरच्या माणसाने बिचाऱ्याने चहा पाजला. थंड इंजिन बघून परत आले आणि तेव्हा ठरवलं की जाऊन बघायचं तर पेटलेलं इंजिनच बघायचं, थंड इंजिन म्हणजे वाजवायला कोणी नसलेली पेटी. त्याचा आवाज, त्याचा वास, जवळ उभं राहिलं की पायाखालची जमीन हलते ते, हेच ते इंजिन असतं, लोखंड नुसतं घर असतं त्याचं. शाळेच्या मुलांचं वेगळं, त्यांना हाताने बघू द्यायचं असतं. मोठ्यांनी आवाज ऐकायला जावं.

प्रश्न: आदरणीय ताई, माझे बाबा ८४ वर्षांचे आहेत. मुक्तीनंतर रेल्वेत लागले, लोंढा-कुळे घाटात कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते, नंतर डिझेलवर गेले. आई गेल्यापासून फार बोलत नाहीत. तुमचा घाटावरचा लेख वाचून दाखवला तर म्हणाले, एकदा चालू इंजिन बघायचंय. गुडघे दुखतात, बीपी आहे, पण चालतात. त्यांना कुठे नेऊ? (एक मुलगी, कुडचडे)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्यासाठीच हा सगळा कॉलम रेल्वेचा केला.

दार्जिलिंग नको. उंची, थंडी, लांबचा प्रवास, ८४ व्या वर्षी बीपी असताना नकोच. बाबांना मेट्टुपाळयमला न्या. तमिळनाडूत, कोइम्बतूरपासून तास-दीड तास, निलगिरीच्या पायथ्याशी. उटीची गाडी तिथूनच निघते, आणि महत्त्वाचं म्हणजे ती मीटरगेज आहे. १००० मिलिमीटर. त्यांच्या कुळ्याच्या रुळांएवढेच रूळ. तुम्ही त्यांना दुसरं काही सांगितलं नाहीत आणि नुसतं फलाटावर नेऊन उभं केलंत तरी त्यांच्या डोळ्यांना ते माप कळेल बघा.

गाडीत बसवायचा आग्रह धरू नका. वर कुन्नूरपर्यंत साडेतीन तास लाकडी बाकासारख्या सीटवर गुडघे दुमडून बसायचं त्यांना झेपणार नाही. आदल्या रात्री मेट्टुपाळयमला मुक्काम करा आणि सकाळी लवकर स्टेशनवर जा, गाडी सुटायच्या तासभर आधी. इंजिन शेडमधून येतं, पाणी घेतं, डब्यांना लागतं, आणि ते पुढे लागत नाही, मागे लागतं, गाडी ढकलत नेतं. हे बघून बाबा नक्की काहीतरी बोलतील, कारण घाटात मागून ढकलणं म्हणजे काय हे त्यांच्याएवढं त्या फलाटावर कुणालाच माहीत नसणार. प्रत्येक डब्याच्या पुढच्या बाजूला एक ब्रेक्समन झेंडा घेऊन उभा असतो, तो पुढचा रस्ता बघून मागच्या ड्रायव्हरला इशारा देतो. स्टेशनजवळ छोटं म्युझियम पण आहे, गाडी गेल्यावर तिथे बसता येईल.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा म्हणजे त्यांचा हिरमोड होणार नाही. एक, तिथली बरीचशी इंजिनं आता तेलावर चालतात, फावड्याने कोळसा टाकताना दिसेलच असं नाही, वास पण थोडा वेगळा. दुसरं, चढ १ ला १२ च्या आसपास आहे, आपल्या घाटाच्या तिप्पट, नुसत्या चाकाने तो चढताच येत नाही म्हणून मधे दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाला खाली दातेरी चाक, कल्लारच्या पुढे ते त्यात अडकतं, तिथून आणखी दोन सिलिंडर कामाला लागतात आणि आवाज एकदम बदलतो. १८९९ ला गाडी कुन्नूरपर्यंत गेली, १९०८ ला उटीपर्यंत, भारतात अशी दातेरी रुळाची ही एकच. बाबांची तब्येत छान असली आणि डॉक्टर हो म्हणाले तर दुसऱ्या दिवशी टॅक्सीने कुन्नूरला जा, तिथे इंजिनांचा शेड आहे आणि खालून आलेली गाडी धापा टाकत स्टेशनात शिरते ती बघायला मिळते. नाही जमलं तर काही बिघडत नाही, मेट्टुपाळयम पुरे आहे.

मडगावहून कोइम्बतूरची थेट गाडी मिळाली तर तीच, नाहीतर केरळातून बदलून. बाबांना रिटायरमेंटचा पास असेल, या वयात पासवर सोबतीला एक माणूस नेता येतो का ते त्यांच्या ऑफिसात विचारा, खर्च बराच वाचेल. फेब्रुवारीत जा. बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. आणि एक स्वच्छ सुती फडकं त्यांच्या खिशात द्या. फायरमनच्या हातात सतत फडकं असायचं, झडप उघडायला, दांडा धरायला, सगळंच तापलेलं असतं ना. ते फडकं त्यांनी वापरलं नाही तरी चालेल, हाताला सवय असते.

फलाटावर पोचल्यावर तिथल्या ड्रायव्हरला किंवा फायरमनला सांगा की हे घाटात कोळशाच्या इंजिनावर होते. भाषेची काळजी करू नका, हिंदी नाही जमलं तर नुसतं बाबांकडे बोट दाखवून फायरमन म्हणा. इंजिनात चढवायचं नाही, नियम असतात आणि पायऱ्या उंच असतात, पण खाली उभं राहून पाण्याची काच, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी काच, बघता येईल. ती काच त्यांना दाखवाच. मी लहानपणी कुळ्याला एका फायरमनकाकांना विचारलं होतं की तुम्हाला भीती कसली वाटते, तर मला वाटलं वाघ म्हणतील, ते म्हणाले पाण्याची. घाट चढताना इंजिनाचं नाक वर असतं, बॉयलरमधलं पाणी मागे भट्टीवर येतं, काचेत भरपूर दिसतं. पण चढ संपून इंजिन उताराला लागलं की तेच पाणी पुढे पळतं आणि भट्टीचं छत उघडं पडू शकतं, खाली विस्तव आणि वर पाणी नाही. तिथे एक शिशाचा प्लग असतो तो वितळतो आणि वाफ भट्टीत शिरून विस्तव विझवते, इंजिन वाचतं पण गाडी घाटात उभी, आणि फायरमनची नोकरी टांगणीला. म्हणून माथा यायच्या आधी किती पाणी हवं हे डोक्यात मोजत राहायचं, एका हाताने कोळसा, दुसऱ्याने पाणी. बाबांनी हे घाटात किती वर्षं केलं असेल.

मी त्या घाटातून गेले ते खिडकीत बसून. कोळशाचा कण डोळ्यात गेला की आत्या लुगड्याचं टोक तोंडाच्या वाफेवर गरम करून डोळ्याला लावायची, फ्रॉकच्या कॉलरवर काळे ठिपके, आणि रात्री आंघोळीच्या पाण्याला राखेचा रंग. आणि अजून एक लक्षात आहे. घाटात पुढचं इंजिन शिट्टी द्यायचं आणि थोड्या वेळाने मागून, डब्यांच्या शेपटाकडून, दुसरं इंजिन उत्तर द्यायचं. वळणावर दोन्ही दिसायची नाहीत, फक्त जंगलातून दोन शिट्ट्या. मला वाटायचं ती बोलतायत. मोठी झाल्यावर कळलं खरंच बोलत होती, ढकल, सोड, थांब असं सगळं शिट्टीतच ठरलेलं असायचं.

तेवढं एक माझं काम करा ताई. परतीच्या गाडीत बाबांची झोप झाली की त्यांना विचारा, कुळ्याहून निघताना पुढचं इंजिन किती लांब आणि किती आखूड शिट्ट्या द्यायचं, आणि मागचं काय उत्तर द्यायचं. ते सांगतील तसं कागदावर लिहून मला पाठवा, पुढच्या अंकात छापते.